गाडी पुरी झाली का शिकवतो

थावरा आडे गेल्याची बातमी मला यवतमाळच्या कचेरीत, दुपारच्या चहाच्या वेळी कळली. त्याच्या तांड्यावरचा एक माणूस एस.टी.ने आला होता. चपला हातात, पायांवर गुडघ्यापर्यंत वाळलेला काळा चिखल. "थावरा गेला, भाऊ," तो म्हणाला, "पोटात दुखे. तीन दिवस काढले त्यानं. मंग बाजेवर टाकून फुलसावंगीच्या दवाखान्यात नेत होतो... नाल्याच्या अलीकडंच गेला." अशा वेळी माणसानं काय विचारावं? मी विचारलं, "आणि गाडी?" तो खाली बघत म्हणाला, "गाडी हाय ना. चालू हाय. पन चालवते कोन?"

रडू मला घरी गेल्यावर आलं. कचेरीत आला तो संताप. आज पाच-सहा आठवडे झाले, तो उतरलेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे, आणि थावराबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण ज्याने चिखलातून माणसं बाहेर काढणारी गाडी बांधायला दहा-बारा वर्षं घातली, तो त्याच चिखलात चौघांच्या खांद्यावर मरतो, आणि गाडी मागे मोहाच्या झाडाखाली तेलपाणी करून उभी असते... याला काय म्हणावं? मला तरी अजून शब्द सापडलेला नाही.

छप्पन साली मी पुसदला कारकून होतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या लेखणीवर जगलेली माणसं. गाडी दिसली की आम्ही तीत बसतो, तिच्याखाली शिरत नाही. थावरा माझ्या टेबलापाशी आला तो एका ट्रकचे कागद घेऊन. लढाईत तो लष्करात ड्रायव्हर होता. ब्रह्मदेशच्या चिखलात चारी चाकांनी ओढणारे ट्रक त्याने हाकले होते. तसलाच एक त्याला नागपूरकडे लष्करी भंगारात सापडला. इंजिन जाम, पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा शाफ्टच गायब, हौद्याला गंजून भोकं. शेवटचे तीन कोस तो ट्रक बैलजोड्या लावून तांड्यावर ओढत नेला होता. हे तो मला अभिमानाने सांगत होता. मी विचारलं, "अरे, बैल आहेत तर ट्रक कशाला?"

"बैल पावसाळ्यात बसते, भाऊ," तो म्हणाला. त्याच्या आज्याच्या काळी त्यांची लदेणी होती. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ती माणसं मुलुखभर फिरायची. रेल्वे आली, धंदा बसला, तांडा एका जागी स्थिरावून शेती करू लागला. आणि आता आषाढ लागला की त्याच तांड्याची वाट बंद. काळी माती बैलाच्या पोटापर्यंत. मीठ, रॉकेल, औषध, काही म्हणजे काही पोचायचं नाही. "साऱ्या मुलुखाले मीठ पोचवलं आमी. आन श्रावणात माह्या याडीनं अळणी खावं?" याडी म्हणजे आई. त्याला बाकी काही नको होतं. भर श्रावणात तांड्यावर येईल-जाईल अशी गाडी, एवढंच.

मी कागदांचं मनावर घेतलं, आणि पस्तावलो. नोंदणीचा अर्ज केला एका राज्यात, तोवर राज्यांच्या फेररचनेत आम्ही दुसऱ्या राज्यात गेलो. तिथले नमुने भरून दिले, चौकशा झाल्या, मग साठ साली तिसरं राज्य आलं आणि नमुने पुन्हा बदलले. तीन राज्यं झाली, ट्रक मात्र मोहाच्या झाडाखालून हलला नाही. थावरा दर खेपेला हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा, कारण त्यालाही घाई नव्हती. शाफ्ट मिळाला तर सांधा मिळेना. सांधा पुसदच्या एका लेथवाल्याने करून दिला, तो पहिल्याच चढावर तुटला. दुसरा केला, तो टिकला. मग मागच्या चाकांचं निघालं.

इथे चूक माझी. ट्रकबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. रविवारी मी बाजेवर बसून ते त्याला मराठीत वाचून दाखवायचो. थावराचं म्हणणं, मागची जोडचाकं काढायची आणि प्रत्येक बाजूला एकेकच उंच, अरुंद चाक ठेवायचं, पुढच्या चाकाच्या चाकोरीत नेमकं चालणारं. "दोन चाकांच्या मधात माती भरते, भाऊ. मंग चाकाचा गोळा होते. आपल्या मातीले बारीक चाक पायजे, खाली घट्ट लागेपर्यंत कापत जाणारं." मी पुस्तकात बोट घालून म्हणालो, "इथे जोडचाकं लिहिली आहेत. वजन पेलायचं तर तीच हवीत." मी त्या मातीत पावसाळ्यात एकदाही पाय ठेवलेला नव्हता. तो, ज्याच्या सात पिढ्या त्या मातीतून चालल्या, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी वाचलं हाय, मंग तसंच असन." त्या पावसाळ्यात ट्रक तांड्यापासून हाकेच्या अंतरावर रुतला. जोडचाकांच्या मधे माती अशी ठासून बसली की कुदळीने खोदून काढावी लागली. खोदली ती थावरानेच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या मनाने केलं. एकेरी चाकं बसवली, हौदा कापून आखूड केला, लोखंडी फळ्यांच्या जागी बांबूचे तट्टे लावले. नाल्यात इंजिनात पाणी शिरू नये म्हणून धुराची नळी टपाच्याही वर नेली. पाण्यात उतरण्याआधी पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, म्हणजे पंखा प्लगांवर पाणी उडवत नाही, ही युक्ती तो ब्रह्मदेशातून घेऊन आला होता. सोमली वहिनी, त्याची बायको, चूल सांभाळत हाताशी असायची. तो गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचा आणि ती न विचारता नेमका पाना त्या हातात द्यायची. माझ्याकडे मागितला असता तर मी हातोडी दिली असती.

आणि एकदा गाडी पोचली. गेल्याच्या गेल्या श्रावणात, फुलसावंगीहून, मीठ आणि रॉकेल घेऊन. मी बाजूला बसलो होतो, दोन्ही हातांनी दार धरून. नाल्यात पाणी पायांपर्यंत आत आलं. थावरा फक्त एकदा म्हणाला, "पुस्तक मिटा आता." तांड्यावर बाया-माणसं भिजत उभी होती. त्याची याडी तोवर हयात राहिली नव्हती. मिठाचं पहिलं पोतं त्याने स्वतः पाठीवर उतरवलं. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर गिअरची पेटी खाली, सुटे भाग गोणपाटावर मांडलेले. "आवाज येऊन राह्यला," तो म्हणाला.

मी चिडलो. म्हणालो, "आवाज येऊ दे. आधी कोणाला तरी चालवायला शिकव. तू एकटाच आहेस." त्याचं उत्तर ठरलेलं: "गाडी पुरी झाली का शिकवतो." वर्षानुवर्षं मी हेच ऐकलं. बैल धन्याचंच ऐकते, हेही वर. ट्रक म्हणजे बैल नव्हे, हे मी त्याला किती वेळा सांगितलं... पण मग खरं सांगायचं तर तेही सांगायला हवं. एकदा, एकदाच, तो मला म्हणाला होता, "भाऊ, तुमी शिका. तुमाले तर सारं पाठ हाय." मी हसलो. म्हणालो, "आमचे हात लेखणीचे, बाबा." पुढे त्याने मला पुन्हा विचारलं नाही. माझा संताप कोणावर आहे, हे आता मलाच नीट कळत नाही.

मागच्या रविवारी तांड्यावर गेलो. पाऊस उघडला होता, तरी तीन कोसांना अर्धा दिवस लागला. सोमली वहिनी गाडी पुसत होती. दंडापर्यंत भरलेल्या बांगड्या उतरवल्यामुळे तिचे हात अनोळखी दिसत होते, बांगड्यांखालची कातडी फिकी. ती म्हणाली, "शेवटी शेवटी बाजेवरून सांगे मले, पट्टा असा काढजो, चोक असा वढजो. म्या म्हटलं, तुमी उठा आन चालवा. मले का ठाव होतं..."

मला काय झालं कोण जाणे, मी चढलो आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसायला गेलो. बसताच येईना. थावरा ठेंगणा होता. लष्कराची सीट काढून त्याने आपल्या मापाची सागवानी पेटी बसवली होती, चार बोल्टांनी पक्की, पुढे सरकवून. माझे गुडघे स्टिअरिंगला अडकले. मी पाना मागितला. बोल्ट सैल करून पेटी मागे घ्यावी, शिकावं, आता तरी शिकावं, असं मनात होतं. वहिनीने पाना दिला नाही. खाली उभी राहून माझी धडपड बघत राहिली.

"उतरा तुमी, भाऊ," ती म्हणाली.

मी उतरलो. तिने घागरा सावरला, चढली, त्या पेटीवर बसली. स्टिअरिंगवर हात ठेवले. मग खाली न बघता एक पाय लांब केला आणि क्लच तळापर्यंत दाबला.

"पोचते," ती म्हणाली.