धाकटीचा प्रश्न

दादरच्या एका वाचनालयानं मला बंगाली कादंबरीच्या आद्य लेखकावर बोलायला बोलावलं होतं. तयारी म्हणून त्याच्या कादंबऱ्यांचे जुने मराठी अनुवाद घेऊन मी गिरगावातल्या चाळीत आत्याकडे जाऊ लागले. नजर गेल्यापासून कुणी वाचून दाखवलं की तिला बरं वाटायचं.

नोकरी सांभाळून तो कसा लिहायचा, लोकांचा रोष कसा सोसायचा, हे मी मधूनमधून सांगायचे. ती नुसती ऐकायची. पण एका कादंबरीतली तरुण विधवा प्रेमात पडली, तेव्हा आत्यानं माझा हात धरला.

"थांब इथं. पुढे तो लेखक तिला मारून टाकतो."

हे पुस्तक तिनं धाकट्या आत्याकडून ऐकलं होतं. धाकटीला मी फक्त फोटोत पाहिलंय. ऐन विशीत नवरा गेला आणि ती याच खोलीत माहेरी परतली. दुपारी काम आवरलं की ती मोठ्यानं वाचायची. हे पुस्तक संपल्यावर तिनं विचारलं होतं, "ताई, ही जगली असती तर त्याचं काय बिघडलं असतं?"

आत्या तांदूळ निवडत होती. गोष्टच आहे ती, एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात धाकटी लोकर आणते म्हणून खाली उतरली, ती आलीच नाही. आजोबांनी पोलिसांत कळवलं, नातेवाइकांकडे शोधलं. पुढे घरात तिचं नाव निघेनासं झालं.

आता चाळ पाडायची आहे. बऱ्याच खोल्या रिकाम्या झाल्या, पण आत्या हलत नाही. धाकटी आली तर कुणाला विचारेल, म्हणते.

भाषणात मी लेखकाचं आयुष्य सांगितलं, विधवेलाही मन असतं हे त्यानं लिहिलं, हेही सांगितलं. मग धाकटीचा प्रश्न विचारला. शेवटच्या रांगेतली एक वाकलेली म्हातारी उठली, माझ्याकडे बघत राहिली आणि बाहेर गेली. मी बोलणं सोडून धावले. जिन्यात कुणी नव्हतं.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं.

"एकटी होती?"

"हो."

तिनं चाचपून पुस्तक माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "वाच आता पुढचं."

मी पुस्तक उघडलं. आत्या भिंतीकडे सरकली आणि कॉटवर आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा करून बसली.