शिर्केकाकांचं बोहोल

शिर्केकाकांच्या फोनवर आमच्या ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीचं हवामान कधी दिसायचंच नाही. बाहेर अंगाची लाही लाही होत असायची, लाल धूळ दाराच्या फटीतून आत येत असायची, आणि काका फोन बघून सांगायचे, "आज तिकडे ढगाळ आहे. दुपारी एखादी सर येईल." तिकडे म्हणजे फिलिपिन्सच्या बोहोल प्रांतात. तिथल्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने द्यायच्या काकांच्या चार झोपड्या उभ्या राहत होत्या. सोन्याच्या खाणीच्या गावात, समुद्रापासून इतक्या लांब राहणारा, पोहता न येणारा हा साताऱ्याचा माणूस तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ सांगायचा.

काका खाणीत व्हेंटिलेशन इंजिनियर होते. जमिनीखाली काम करणाऱ्यांपर्यंत ताजी हवा पोचवणं हे त्यांचं काम. मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि त्यांची शेजारीण. लग्न त्यांनी केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "मुहूर्त लागला नाही," आणि त्यांच्या बाबतीत हे शब्दशः खरं असणार. नवी गाडी दसऱ्याशिवाय नाही, नवा फ्रिज अक्षय्य तृतीयेशिवाय नाही. जुना फ्रिज ऐन जानेवारीच्या उकाड्यात बंद पडला, तेव्हा अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांचं दूध माझ्या फ्रिजमध्ये होतं. "घाईत आलेलं घाईतच जातं, डॉक्टर," हे वर मलाच ऐकवायचे.

बोहोलचं वेड त्यांना नेस्टरमुळे लागलं. नेस्टर त्यांच्याच खाणीतला फिटर. त्याची बायको लोर्ना दुबईच्या हॉटेलातली नोकरी सोडून, दोन मुलांना घेऊन गावी परतली होती, ती या झोपड्यांच्या भरवशावर. परक्या माणसाला तिथे जमीन घेता येत नाही, म्हणून जमीन नेस्टर-लोर्नाची आणि बांधकाम काकांचं. आमच्या चार मराठी घरांच्या बार्बेक्यूला काका हा विषय काढायचेच. "विमानतळ नवा झालाय, कोरियन यायला लागलेत, रस्ता रुंद होतोय. पुढची दहा वर्षं बोहोलची आहेत!"

"काका, जमीन दुसऱ्याच्या नावावर आणि खर्च तुमचा?" मी एकदा म्हटलं.

"आमच्याकडे अर्धेलीने शेती करतात. जमीन एकाची, बियाणं दुसऱ्याचं."

"त्यात फसवतातच की लोक."

"फसवतात. म्हणून कुणी पेरायचं थांबतं का?"

झोपड्यांची छपरं गवताची, भिंती बांबूच्या. पण काकांनी फोनवरून गवंड्याला हैराण करून प्रत्येक झोपडीला समोरासमोर खिडक्या आणि वर झरोके पाडून घेतले. शिवाय सिमेंटचं एक भक्कम स्वयंपाकघर. "हवा आली तशी गेली पाहिजे. हवा कोंडली की माणूस कोंडतो," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. समुद्राच्या वाऱ्याला खाणीचे नियम लावणाऱ्या या माणसाला तो गवंडी मनात काय म्हणत असेल, याची मला कल्पना आहे.

२०१९च्या नाताळापर्यंत सगळं तयार झालं. जानेवारीत लोर्नाचा फोन आला, तेव्हा मी आणि नेस्टर त्यांच्याकडे चहाला होतो. लोक विचारायला लागलेत, पुढच्या आठवड्यात उघडू का, असं ती विचारत होती. काकांनी नाही म्हटलं. पाडव्याला. मी स्वतः येऊन गुढी उभारणार, मग पहिला पाहुणा. लोर्ना म्हणाली, "ओके, सर." नेस्टरही "नो वरीज, बॉस," म्हणाला. काकांनी तांब्याचा गडू चिंचेने घासून लख्ख केला आणि तिकीट काढलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाडव्याच्या आठवड्यातच देशाबाहेर जायला बंदी आली. तिकडचीही दारं बंद झाली. काकांनी गुढी इथेच अंगणात उभारली, आणि नेस्टरने ती व्हिडिओवर लोर्नाला दाखवली. काठीला साडी का, गडू उलटा का, कडुलिंब कशाला, असं सगळं ती विचारत होती. काका उत्तरं देत होते, पण त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. नेस्टर गेल्यावर म्हणाले, "जानेवारीत उघडलं असतं तर दोन महिने तरी चाललं असतं गं. तिने नोकरी सोडली माझ्या भरवशावर. आणि मी पंचांग बघत बसलो."

हॉस्पिटलात आम्ही मास्क जपून वापरत होतो, आणि पुण्याहून आईचा फोन आला की मी आधी तिला ताप-खोकला विचारायचे. त्यात काकांचं बीपी. रोज संध्याकाळी मी ते बघायला जायचे, आणि रोज ते हात पुढे करून, दुसऱ्या हातातल्या फोनवर बोहोलचं हवामान बघत बसायचे. पाहुणा येणार नव्हता, तरी तिथे पाऊस पडतोय का हे त्यांना कळायला हवं असायचं.

मग एक दिवस नेस्टर शिफ्टवरून थेट माझ्या दारात आला. बरोबर काका. तिकडे बोहोलला, शहरात कामाला गेलेली माणसं बोटी भरभरून गावी परतत होती. त्यांना दोन आठवडे वेगळं ठेवायला गावात जागा नव्हती. गावच्या कारभाऱ्याने लोर्नाकडे झोपड्या मागितल्या होत्या. भाडं नाही.

"लोर्ना म्हणते, सरांना विचार. मुलं घरात आहेत, म्हणून तीही घाबरलीय," नेस्टर म्हणाला आणि खाली बघत राहिला.

काका माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "डॉक्टर, आज अमावस्या आहे. वास्तूत अजून दिवासुद्धा लागलेला नाही. आणि पहिला पाय आजारी माणसाचा?"

"काका, ते आजारी नसतील कदाचित."

"असतील कदाचित."

"हो. असतील."

मला खोटं सांगता येत नव्हतं. लोर्नाच्या मुलांना काही झालं असतं, तर तेही आमच्याच माथी होतं. काका पायरीवर टेकून बोटातली अंगठी फिरवत राहिले. मग उठले आणि नेस्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तिला सांग, किल्ल्या दे. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हणावं, पाऊस आत आला तरी." आणि मला म्हणाले, "दारात आलेल्याला पंचांग दाखवतात का?" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दीड वर्ष त्या झोपड्यांत माणसं येत-जात राहिली. ताटं वेगळी कशी ठेवायची, मुलांना किती लांब ठेवायचं, हे मी फोनवरून सांगायचे आणि फोन ठेवल्यावर काही सांगायचं राहिलं का, हे आठवत बसायचे. देवाच्या दयेने लोर्नाच्या घरात कुणी आजारी पडलं नाही. भाड्याचा पाहुणा मात्र एकही नाही.

आणि २०२१च्या डिसेंबरात वादळ आलं. काकांच्या फोनवर आधी नकाशा लाल झाला, मग लोर्नाचा फोन लागेनासा झाला. सगळ्या बेटावरचेच फोन बंद होते. नेस्टर आणि काका दिवसच्या दिवस माझ्या पॅटिओत बसून राहिले. नेस्टर एकच नंबर लावत होता. काका अन्नाला शिवत नव्हते. "माझ्यामुळे ती दुबई सोडून आली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचे. नाताळ तोंडावर आला तेव्हा कुठे फोन वाजला. नेस्टर ऐकता ऐकता खाली बसला, आणि मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. झोपड्यांची छपरं उडाली होती, एक पूर्ण आडवी झाली होती. पण लोर्ना, मुलं आणि शेजारची दोन घरं त्या सिमेंटच्या स्वयंपाकघरात राहिली आणि वाचली. वारा पडल्यावर बांबू घेऊन आधी कोण आलं? त्या झोपड्यांत दोन आठवडे काढून गेलेली माणसं. त्यांची स्वतःची घरं नीट नव्हती, तरी आली. हे ऐकून काका माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले, आणि मीही रडले.

मार्चमध्ये सीमा उघडल्या, तोवर त्या माणसांनी झोपड्या कशाबशा पुन्हा उभ्या केल्या होत्या. लोर्नाने पुन्हा विचारलं, उघडू का? काका म्हणाले, "उघड. माझ्यासाठी थांबू नकोस." स्वतः मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं. कालगुर्लीच्या विमानतळावर सोडताना माझ्या लक्षात आलं.

"काका, आज अमावस्या आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि गडूची पिशवी छातीशी धरून आत गेले.

पुढचा दीड दिवस मी फोन हातातून ठेवला नाही. त्यांचं बीपी, तो प्रवास, आणि खरं सांगायचं तर तिथे काय बघावं लागेल याची भीती. पाडव्याच्या संध्याकाळी फोन आला. मागे समुद्राचा आणि माणसांचा गलका.

"काका, पोचलात? गुढी?"

"लोर्नाने सकाळीच उभारलेली. कडुलिंब मिळाला नाही, तर शेवग्याचा पाला लावलाय. डॉक्टर, ऐक ना, इथे मला झोपायला जागा नाही!"

"म्हणजे?"

"चारही भरल्यात! मालकाला जागा नाही! स्वयंपाकघरात चटई टाकलीय माझी." आणि ते हसत सुटले. इतकी वर्षं शेजारी राहिले, पण त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

काका परत आलेच नाहीत, तिकडेच राहिले. इथलं घर विकायला काढलं, तेही पितृपक्षात. आता त्या घरात दुसरे लोक राहतात, आणि माझ्या फोनवर कालगुर्लीच्या वर बोहोलचं हवामान दिसतं. आज तिकडे ढगाळ आहे. दुपारी एखादी सर येईल.