दुसऱ्या साक्षीची वाट

गिब स्लेटर समोरून येताना दिसला की डविना फिंडले मुद्दाम रस्ता ओलांडून त्याच्या बाजूला जायची आणि थेट त्याच्या वाटेत उभी राहायची. बोलायची काही नाही. तो खाली मान घालून बाजूने निघून जाई. गाव म्हणे, काय ही बाई, लाजबिज काही आहे की नाही! अहो, लाजायचं काम ज्याचं होतं तो बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटचा कप्तान म्हणून दारूच्या दुकानात फुकट पीत होता. मग हिनेच का लाजायचं?

डविना मासळीच्या कारखान्यात हॅडॉक मासे सोलायची. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात आणि तोंडाचा पट्टा चालू. मुकादमापासून पाद्र्यापर्यंत कुणाची गय नाही. बाविसाव्या वर्षी ती गिबकडे गाडी शिकायला गेली, कारण आमच्या बंदरात दुसरा शिकवणारा नव्हताच. त्याच्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक त्याच्या. गावामागे लढाईच्या काळातली ओसाड धावपट्टी आहे, तिथे तो गाडी मागे घ्यायला शिकवी. एका दुपारी तिथे त्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि डविनावर जबरदस्ती केली. त्यानंतर तिलाच गाडी चालवत घरी आणायला लावली, आणि वाटभर तिच्या चुका काढत बसला. "क्लच हळू सोड, पोरी. घाई कसली?"

घरी आईला सांगायला तिला सहा-सात महिने लागले. आई ऐकून घेत होती, पण बटाटे सोलणं काही थांबवलं नाही.

"तुझा बाप बुडत होता तेव्हा त्याला वर काढला तो गिबने," आई म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने लोकांना सांगणार आहेस?"

"बापाला वाचवलं म्हणून लेक आंदण दिलीत का त्याला?" डविना म्हणाली, आणि तशीच पोलीस ठाण्यात गेली.

ठाण्यातल्या सार्जंट लोगनबाईंनी सगळं लिहून घेतलं. बाई बऱ्या होत्या, उगाच गोड बोलल्या नाहीत.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "पण स्कॉटलंडच्या कोर्टाला एकीचा शब्द पुरत नाही गं. खरा असला तरी नाही. त्याला बाहेरून दुसरा आधार लागतो. अंगावर खूण नाही, बघणारा कुणी नाही, सांगितलंस तेही उशिरा."

"म्हणजे त्याने साक्षीदार बरोबर आणायला हवा होता?"

लोगनबाई वही मिटून म्हणाल्या, "उद्या दुसरी कुणी आली आणि तिच्याशीही तो असाच वागला असेल, तर तुमचे शब्द एकमेकींना आधार देऊ शकतात. पण एक पक्कं ध्यानात ठेव. तुम्ही दोघींनी त्याआधी एकमेकींशी याबद्दल एक अक्षर बोललेलं चालणार नाही. त्याचा वकील म्हणेल, दोघींनी बसून गोष्ट रचली. मग तुझंही गेलं आणि तिचंही."

तेव्हापासून डविना त्या दुसरीची वाट बघू लागली. दुसरी येणं म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. त्या विचाराने तिला स्वतःचीच किळस यायची. म्हणून कारखान्यात नवी पोरगी आली की ती ओरडून सांगायची, "त्या गिबकडे जाऊ नकोस, त्या गाढवाला शिकवता येत नाही!" खरं कारण मात्र ओठांवर येऊ द्यायची नाही. गिबने आपल्या परीने आधीच पसरवून ठेवलं होतं की पोरगी परीक्षेत नापास झाली आणि तेव्हापासून डूख धरून आहे. डूख तिने धरलाच होता. मनातल्या मनात ती त्याला रोज हॅडॉकसारखी सोलायची, आणि त्या कामात तिचा हात चांगला होता.

अशी चार वर्षं गेली. बेकरीत काम करणारी कर्स्टी मेअर, वय वीस, गिबकडे गाडी शिकायला जायची, ते तिने अचानक बंद केलं आणि शिकण्यासाठी बसने दुसऱ्या गावाला जाऊ लागली. एकदा डविना पाव घ्यायला गेली असताना गिब दुकानात शिरला. कर्स्टी हातातला ट्रे तसाच ठेवून मागच्या खोलीत गेली, ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. डविनाला काय समजायचं ते समजलं. पाव न घेताच ती घरी आली.

पुढच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, कर्स्टी तिच्या दाराशी उभी. डोळे सुजलेले.

"तू त्याच्या वाटेत उभी राहतेस ना," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला तरी... डविना, त्याने मला..."

डविनाला त्या पोरीला घट्ट जवळ ओढून घ्यावंसं वाटलं. मीही, मीही, असं ओरडावंसं वाटलं. आणि ओरडली असती तर गिब सुटला असता, दोघींच्याही हातून, कायमचा.

"थांब," ती म्हणाली. "तुझं रडगाणं मला ऐकायचं नाही. सांगायचंच असेल तर पोलिसांना जाऊन सांग. माझ्या दारात तमाशा नको."

कर्स्टी बघतच राहिली. "तू पण त्यांच्यातलीच?"

डविनाने दार लावून घेतलं, आणि बाहेर पोरीचा हुंदका ऐकू आला तेव्हा स्वतःच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावली. दया येत होती, नाही असं नाही. पण दयेने गिब तुरुंगात गेला नसता. आणि राग माणसाला पोलीस ठाण्यापर्यंत चालत नेतो, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं.

कर्स्टी रागातच गेली. त्याच आठवड्यात लोगनबाई डविनाकडे आल्या आणि म्हणाल्या, "दुसरी आली." कुणाशी बोललीस का, असं विचारल्यावर डविनाने दाराची हकीकत सांगितली. लोगनबाईंनी ती लिहून घेतली, आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

खटला इन्व्हरनेस शहरात चालला. गावातली निम्मी माणसं गिबला धीर द्यायला बस करून आली होती. डविना साक्षीला उभी राहिली तेव्हा मात्र बघ्यांना बाहेर काढलं, आणि गिबच्या वकिलाने जे म्हणायचं तेच म्हटलं.

"तुम्ही दोघी एकाच गावातल्या. हे सगळं दोघींनी ठरवून केलं, खरं ना?"

"ठरवूनच बोलायचं असतं, तर तुमच्या कप्तानाच्या तोंडी क्लचबिच कशाला घातला असता? जरा भयंकर काहीतरी घातलं असतं," डविना म्हणाली. ज्यूरीतली एक म्हातारी खाली बघू लागली.

दोघींच्या साक्षी झाल्यावर लोकांना पुन्हा आत घेतलं. सरकारी वकील ज्यूरीसमोर उभे राहिले, तेव्हा डविना मागच्या बाकावर होती आणि कर्स्टी दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून. वकील म्हणाले, तोच ब्रेक, तीच धावपट्टी, आणि नंतर गाडी चालवायला लावून चुका काढणं. डविनाने हे चार वर्षांपूर्वी फक्त पोलिसांना सांगितलं होतं. मग ही पोरगी तेच कसं सांगते? बचाव म्हणतो, दोघींनी रचलं. कर्स्टी मेअरने तुम्हाला काय सांगितलं? "ती बाई मला आवडत नाही. मी रडत तिच्या दारात गेले, तर तिने दार लावलं." डविना फिंडलेने ते दार का लावलं असेल, तेवढं आता तुम्हीच ठरवा.

कर्स्टीने मान वळवली. डविनाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

न्यायाधीशांनी ज्यूरीला बजावलं, दोघींवरही विश्वास बसला तर एकीचा शब्द दुसरीला आधार देईल. एकीवरच बसला तर आरोपीला दोन्ही आरोपांतून सोडावं लागेल. ज्यूरीचे पंधराजण आत गेले, बराच वेळ बसले आणि बाहेर आले. दोन्ही आरोपांत दोषी, बहुमताने.

गिबला खालच्या कोठडीत नेताना डविना उठून उभी राहिली. या वेळी त्याच्या दोन्ही बाजूंना पोलीस होते, बाजूने निघून जायला जागा नव्हती. त्याने वर बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांतली भीती तिने डोळे भरून बघितली. फार गोड वाटलं तिला. गावच्या बायका रडत होत्या, तेही गोड वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर कर्स्टी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू लगेच ओळखलं होतंस."

"हो."

"सांगितलं असतंस तर?"

"तर तो आत्ता बसमधून गाणी म्हणत घरी निघाला असता."

"कळतं मला ते," कर्स्टी म्हणाली. "तो आत गेला, मला बरं वाटलं. पण त्या रविवारी तुझ्या दारातून मी थेट धक्क्यावर गेले होते, डविना. पाण्यात उतरायला. लोगनबाई वेळेवर भेटल्या. ते दार मी तुला माफ नाही करणार."

कर्स्टी पायऱ्या उतरून बसस्टॉपकडे निघाली. डविनाने तिला हाक मारली नाही.