कंडक्टरकाकांची सपाट वाट

“पुढं सरका, पुढं जागा हाय!” असं ओरडत ते बाजारगल्लीत शिरायचे, आणि त्यांच्या पुढं असायच्या फक्त काकू. हात वर करून ते हवेतलीच दोरी दोनदा ओढायचे आणि तोंडानं घंटा वाजवायचे, टण टण. एसटीत एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे सोडा गाडी. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाचा हात काही निवृत्त होत नाही, हे तुम्हीही कुठंतरी बघितलंच असेल.

आम्ही सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणायचो. नळदुर्गच्या जुन्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, मशीन दारातच. त्यामुळं गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी वाजलं, ते मला न विचारता कळतं.

काकांची सगळी नोकरी लांबच्या गाड्यांवर गेली. ते रत्नागिरीला मुक्कामाला, आणि काकू इथं घरात एकट्या. मूलबाळ नाही. “रिटायर झालो की पास मिळतोय, मग तुला समुद्र दावतो,” हे त्यांचं जुनं आश्वासन. ते रिटायर झाले, पास यायचा होता, आणि काकूंना लकवा मारला. डावा हात, डावा पाय, अर्धं तोंड गेलं. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज चालवा, पण पुन्हा झटका आला तर काही खरं नाही. तेव्हापासून एसटीची पायरी काकूंसाठी संपली.

मग काकांनी नवीन टूम काढली. पावसाळ्यात आमची बोरी नदी किल्ल्याच्या अंगाला चांगली पसरते. “समुद्र ऱ्हायला तिकडं. हितलंच पाणी दावतो तिला. पण तिच्या पायानं,” असं ते सगळ्यांना सांगत सुटले. पाणी आटायच्या आत काकूंना काठापर्यंत चालवत न्यायचं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाच्या आयुष्यात उरली होती.

वाट त्यांनी स्वतः शोधली. चढ नको, पायरी नको. मारुतीच्या पाराला वळसा, मग आमची बाजारगल्ली, मग जुनी वेस, आणि वेशीबाहेर किल्ल्याची भिंत धरून थेट काठ. रोज दुपारी ते एकटेच जाऊन वाटेतले खडे पायानं बाजूला सारायचे, आणि ऊन उतरलं की काकूंना घेऊन निघायचे. कुणाची मोटारसायकल आडवी दिसली तर त्याचा उद्धार. “पोळपाटावानी वाट केलीय. लेकरू बी जाईल!”

वाट सपाट होती हो. पण वाटेत आम्ही होतो.

आमच्या गल्लीची रीत अशी की आजारी माणूस दारावरनं निघालं आणि ‘बसा’ म्हटलं नाही, तर त्या घराला नाव ठेवतात. त्यात काकू सवाष्ण. हळदीकुंकू न लावता कशी पाठवायची? पहिलंच दुकान भांडीवाल्याचं, त्यानं खुर्ची बाहेर काढूनच ठेवलेली. पुढं पानवाला. मग मी. “बसा काकू, दम खावा.” काकू बसायच्या. अर्ध्या तोंडानं हसायच्या. मी बशीत चहा ओतून पाजायची, कुणी केळ सोलून द्यायचं, कुणी सुनेची तक्रार सांगायचं. वेस यायच्या आधीच दिवे लागायचे. वेशीबाहेर अंधार, तिथून पुढं कुणी नेत नाही. फिरा माघारी.

काका हातावर हात चोळत उभे. “बायांनो, गाडी लेट व्हायलीय!” आणि स्वतः कप घेऊन म्हणायचे, “निम्माच दे.”

दिवाळी झाली, संक्रांत झाली, नदीचं पाणी मागं सरायला लागलं. एक दिवस माझ्या दारात त्यांचा आवाज चढला. “तुमी समदे मिळून हिला पोचू देईना झालाव!”

“आजारी बाईला दारात उभी ठेवू का काका? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

मला राग आला होता. खरं सांगते, अजून थोडा आहे.

काकूच मध्ये पडल्या. शब्द अडखळत यायचे. “असू द्या वो. इतकी वर्सं भिताडाशी बोलले. आता कुठं माणसं भेटायलीत. उद्या जाऊ.”

“उद्यापत्तुर पाणी थांबतंय व्हय?” काका पुटपुटले. पण त्यांनीच काकूंचा पदर नीट करून दिला.

पानवाला म्हणाला, “काका, रिक्षात घालू. एका दमात काठावर.” त्यावर काकूंनी चांगला हात उचलून त्याला गप्प केलं. “उचलून न्यायचं ते एकदाच न्या. तवर म्या चालीन.” सगळे हसले. काका हसले नाहीत.

शिमग्याच्या आधी एकदा त्या वेशीपर्यंत पोचल्या. तिथून पाणी दिसत नाही, नुसता गार वारा लागतो. “वास यायलाय वो पाण्याचा,” म्हणून त्या तोंड पुढं करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात वेशीतल्या फुलवालीनं धावत येऊन पोतं अंथरलं. “अगं बाई, काकू तुमी! बसा की!” काकू बसल्या. काकांनी हात वर करून दोरी एकदाच ओढली. टण. घंटा नीट वाजलीसुद्धा नाही.

पुढच्याच आठवड्यात पहाटे दुसरा झटका आला. दवाखान्यात न्यायलाही सापडल्या नाहीत.

आमचं स्मशान नदीकाठालाच आहे. तीच वाट. पार, गल्ली, वेस. दुकानं अर्धी ओढलेली, आम्ही बाया आपापल्या दारात तोंडाला पदर लावून. कुणी कुणाला बसा म्हटलं नाही. पुढं काका मडकं धरून, मागं खांद्यावर काकू. माझ्या दारावरनं त्या इतक्या भराभर गेल्या की मला धड हातही जोडता आले नाहीत. मी शिवलेलाच हिरवा ब्लाऊज होता त्यांच्या अंगात.

काठावरचं पानवाल्यानं सांगितलं. नदीत दगडच उरले होते, मधी मधी डबकी. काकांनी मडकं खाली ठेवलं, वळून वेशीकडं बघितलं आणि त्याला विचारलं, “आरं, एवढंच लांब हुतं व्हय?”

नंतर मुरूम गावचा पुतण्या त्यांना घेऊन गेला. तिकडं ते घराबाहेर पडत नाहीत म्हणे. पडतील असं मलाही वाटत नाही.

परवा एक आजोबा माझ्या दाराशी थांबले. लेकीकडं राहायला आलेत, वॉकर टेकत रोज एक फेरी मारतात. भांडीवाल्याच्या दारावरनं आले, पानवाल्याच्या दारावरनं आले, सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. मीही मशीन चालूच ठेवलं. तर म्हातारा भडकला.

“लई गावं बगितली म्या. पर अशी माणूसघाणी गल्ली न्हाय बगितली! आजारी माणूस दारातनं चाललाय, अन् कुणी बस म्हणंना!”

बसायला खुर्ची माझ्या मागंच होती. मी म्हटलं, “बसू नका आजोबा. सरळ जावा. नदी लई जवळ हाय.”