हात मागे, तोंड चालू

कॉम्प्युटरमध्ये डाउनलोडचा एक फोल्डर असतो. त्यात मुद्दाम कोणी काही ठेवत नाही, तरी एक दिवस उघडून बघावं तर तो गच्च भरलेला असतो. आमच्या रविवारच्या मंडळाच्या किश्श्यांचं तसंच झालं आहे. कोणी लिहून ठेवले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत, पण टपरीवर मंडळातली दोन माणसं भेटली की एक किस्सा उघडतो आणि त्याच्यामागे दुसरा.

मंडळ म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं संगणक मित्र मंडळ. नाव भारदस्त आहे, आम्ही नाही. बाजारातल्या एका जुन्या सरकारी इमारतीच्या माडीवर एक खोली, त्यात दोन-चार कॉम्प्युटर, एक प्रोजेक्टर, एक म्हातारा यूपीएस आणि दर रविवारी जमणारी पांढुर्णा-सौसरची मंडळी. ज्याला जे अडलं ते त्याने आणायचं, ज्याला जे येतं ते त्याने सांगायचं.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांची कामं उरकून माझी बोटं आगाऊ झाली आहेत. हे आधीच सांगतो, कारण मंडळाचा जो एकुलता एक नियम आहे, तो बहुतेक माझ्याकडे बघूनच केलेला असावा.

*

त्या नियमाचा किस्सा आधी सांगायला हवा.

आमचे दिनकरभाऊ बोरगावचे. संत्र्याची बाग आहे. एका व्यापाऱ्याला संत्र्याचे फोटो ईमेलने पाठवायचे होते, ते कसे पाठवायचे हे शिकायला ते पहिल्यांदा आले. त्यांनी प्रश्न पुरता विचारायच्या आत आम्ही तिघा-चौघांनी माऊसवर झडप घातली. त्यात मी पहिला. फोटो लगेच गेला. भाऊंनी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या रविवारी भाऊ हजर, तोच प्रश्न घेऊन. पुन्हा आमची झडप, पुन्हा फोटो रवाना, पुन्हा चहा. असं बरेच रविवार चाललं. माणूस मोठा गोड, पण डोक्यात काही शिरत नाही, असं आमचं मत पक्कं झालं.

शेवटी वानखडे सरांनी विषय काढला. वानखडे सर म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा. उभा जन्म शाळेत फिजिक्स शिकवण्यात गेला, त्यामुळे उत्तर आलं नाही की चूक विद्यार्थ्याची की मास्तरची, हे तपासायची त्यांना सवय आहे. त्यांनी भाऊंना विचारलं की इतक्यांदा बघूनही नेमकं कुठं अडतं?

भाऊ म्हणाले, "सर, मले तर या साऱ्यायच्या पाठीच दिसते जी. स्क्रीन कुठं दिसते?"

सर उठले, खडू घेतला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: ज्याचं काम, त्याचा माऊस. त्याखाली आमच्यासाठी: हात मागे, तोंड चालू. म्हणजे मदत करणाऱ्याने मागे उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि काय सांगायचं ते तोंडाने सांगायचं.

दिनकरभाऊ त्याच दिवशी शिकले. आमचा चहा तेवढा बंद झाला.

*

नियम वाचायला सोपा आहे. पाळून बघा!

समोरचा माणूस बाण घेऊन स्क्रीनभर भटकतो आहे, बरोबर जागेच्या बाजूने जाऊन परत येतो आहे, आणि तुम्ही हात बांधून उभे. "वर... अजून वर... अरे तिथंच होतं, गेलं!" उकळणाऱ्या दुधासमोर हात बांधून उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि तोंडाने सांगायचं म्हणजे शब्द लागतात, ते आमच्याकडे नव्हते. इतकी वर्षं बोटानेच दाखवत आलो होतो. मग "त्या तीन रेघा", "ते चक्रीवालं", "तो कागदाला टाचणी लावल्यासारखा" अशी आमची एक वेगळीच भाषा तयार झाली.

एकदा दिनकरभाऊंना वरच्या कोपऱ्यातली फुली काही केल्या सापडेना. माझे हात मागे, सर माझ्याकडे डोळे लावून बसलेले. मला राहवेना. मी वाकलो, अजून वाकलो, आणि थेट नाकानेच दाखवलं. फुली नेमकी सापडली.

भाऊ खिडकी बंद करून म्हणाले की काम झालं, पण आता स्क्रीनवर एक डाग दिसून राहिला. सरांनी नियमात नाकाचा उल्लेख नसल्याचं मान्य केलं आणि स्क्रीन मला पुसायला लावली.

*

एकदा आम्ही नागपूरहून पाहुणे बोलावले. विषय: कृत्रिम बुद्धिमत्ता. माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. रामाकोन्यापासून माणसं आली होती.

पाहुणे फार छान बोलले. म्हणाले, आता तुम्हाला कुठंही जायला नको, कोणालाही विचारायला नको, मराठीत प्रश्न टाका, मशीन उत्तर देईल. कोणाला काही विचारायचंय का? दिनकरभाऊ उठले आणि नियमाप्रमाणे स्वतःच खुर्चीवर बसले. एकेक अक्षर शोधत त्यांनी विचारलं की आंबिया बहाराची संत्री गळून राहिली, काय करू?

मशीनने भराभर उत्तर लिहिलं. पाणी, खत, कीड, बुरशी, सगळं आलं. आम्ही वाचून थक्क झालो. अगदी शेवटची ओळ होती की अचूक सल्ल्यासाठी आपल्या भागातल्या कृषी अधिकाऱ्यांना भेटावं.

भाऊंनी मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं आमच्या भागातले शेती खात्याचे येरपुडे साहेब बसले होते. साहेबांनी हातातली चिठ्ठी हळूच खिशात सारली आणि म्हणाले, "मी बी हेच विचाराले आलो होतो, भाऊ."

*

गुड्डू पांढुर्ण्याचा, रवी सावरगावचा. मधे फक्त जाम नदी. दोघंही कॉम्प्युटर दुरुस्तीतले, आणि दोघांचं एका गोष्टीवर कधी जमल्याचं मला आठवत नाही. गुड्डू म्हणणार फॉरमॅट मारा, रवी म्हणणार रॅम बदला. एकाने उघडलेली मशीन दुसरा बंद करणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर गोटमार असते, म्हणजे परंपरेची दगडफेक. पांढुर्णा आणि सावरगाव आमनेसामने, आणि मधे दगड. सर दरवर्षी दोघांना जाऊ नका म्हणून सांगतात आणि दोघं दरवर्षी जातात. त्या वर्षी पुढच्या रविवारी गुड्डू उजव्या हाताला बँडेज बांधून आला. रवीच्या कपाळाला पट्टी.

गुड्डूला एक हार्ड डिस्क वाचवायची होती, पण हात चालत नव्हता. त्याने विचारलं की जखमी माणसासाठी नियम सैल होतो का? सर रागावलेलेच होते. म्हणाले, डावा हात आहे ना, त्याने कर. मग रवी उठला, गुड्डूच्या मागे जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधले आणि अंधार पडेपर्यंत एकेक पायरी सांगत राहिला. फॉरमॅट मारायचं नाही, यावर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

दगड कोणाचा कोणाला लागला, हे कोणी विचारलं नाही. गुड्डूचा हात पुढे बरा झाला, पण माऊस तो अजून डाव्या हातानेच चालवतो.

*

निर्मलाबाईंची ओळख करून दिल्याशिवाय शेवटचा किस्सा सांगता येत नाही.

निर्मलाबाई रामाकोन्याच्या. अंगणवाडीत नोकरी झाली, आता निवृत्त. दर रविवारी बस पकडून येतात, खिडकीशेजारच्या त्याच खुर्चीत बसतात. मुलगा सौसरला नोकरीला आहे, चांगला आहे, आईला महागाचा मोबाइल घेऊन दिला आहे. मग तुम्हाला इतक्या लांब यायची काय गरज, असं मी त्यांना एकदा सहज विचारलं.

त्या म्हणाल्या, "घरी मोबाइल हातात घेतला की पोरगा म्हणते, थांब आई, मी करतो. सून म्हणते, द्या आई, मी करते. नातू तर विचारत बी नाही. वाईट नाही जी कोणी. पण साऱ्या दुनियेत ही एकच खोली हाय, जिथं कोणी माझ्या हातातून घेत नाही."

त्यानंतर माझी बोटं जरा शहाणी झाली, हे मला सांगायला हवं. त्यांना पहिला ईमेल लिहायला अख्खी दुपार लागली होती. तो त्यांनी मुलालाच पाठवला. मुलाने फोन करून विचारलं, "कोणी लिहून दिलं?" त्या दिवशी त्या बसपर्यंत चालत न जाता जवळजवळ पळत गेल्या.

*

आणि मग आमची खोली जायची वेळ आली.

खोली ज्या खात्याच्या ताब्यात होती, त्यांना ती सामान ठेवायला हवी होती. खोली राखायची असेल तर मंडळाने पोर्टलवर अर्ज करावा, असा निरोप आला. तो आमच्यापर्यंत पोचला तेव्हा शेवटचा दिवस उरला होता, आणि तो रविवार होता. पोर्टल संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. त्यात त्या खात्याचे साहेब स्वतः जागा बघायला माडीवर आले. माणूस सज्जन होता. म्हणाला, अर्ज वेळेत आला तर मी नाही म्हणणार नाही, पण वेळेनंतर माझ्याही हातात काही नाही.

मी बाह्या सरसावून खुर्चीकडे निघालो. असे अर्ज मी दिवसातून कितीतरी भरतो. सरांनी मला भिंतीकडे बोट दाखवलं. ज्याचं काम, त्याचा माऊस. मी म्हणालो, सर, हे तर सगळ्यांचं काम आहे. सर म्हणाले, "मग ज्याला ही खोली सगळ्यात जास्त पाहिजे, त्यानं बसावं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. निर्मलाबाई उठल्या, चष्मा पुसला आणि जाऊन बसल्या.

मला खरं सांगायचं तर सरांचा भयंकर राग आला. खोली जाणार, हे मी मनाशी धरूनच चाललो. निर्मलाबाई एका बोटाने टाइप करतात आणि प्रत्येक अक्षरानंतर ते आलं का हे बघतात. आम्ही त्यांच्या मागे रांग करून उभे राहिलो, हात मागे. त्यांनी मंडळाचं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. मोबाइलवर ओटीपी आला, तो त्या अर्धा टाकेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागवला. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसने कॉम्प्युटर आणि मॉडेम सांभाळले, पण तो लगेच कोकलायला लागला. त्याचं वय बघता तो फार वेळ कोकलणार नव्हता.

सगळ्यात वाईट अवस्था साहेबांची होती. ते पोर्टल ते रोज वापरत असणार. त्यांची बोटं वळवळत होती, ते मला माझ्या बोटांमुळे ओळखू आलं. शेवटी त्यांना राहवेना. "अम्मा, मैं कर देता हूँ," म्हणत त्यांनी माऊसकडे हात पुढे केला.

निर्मलाबाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "हात मागं घ्या, साहेब."

दिनकरभाऊंनी डोळे मिटून घेतले. ज्याच्या शब्दावर आमची खोली, त्याला आमच्याच माणसाने असं सांगावं! सर भिंतीकडे बघत उभे राहिले. साहेबांनी स्क्रीनच्या उजेडात एकदा त्या भिंतीवरचं वाचलं, एकदा आमच्या रांगेकडे पाहिलं, आणि हात पाठीमागे बांधून माझ्या शेजारी उभे राहिले.

मग त्यांचं तोंड सुरू झालं. "नीचे, अम्मा... और नीचे... नहीं नहीं, ऊपर चला गया." यूपीएस ओरडतोय, सहा वाजत आलेत, आणि निर्मलाबाईंना खालचं हिरवं बटण सापडत नाही. साहेब वाकले. अजून वाकले. आणि मग मी ते बघितलं: साहेबांनी नाकाने दाखवलं.

निर्मलाबाईंनी बटण दाबलं. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. ते फिरत असतानाच यूपीएस एकदा लांब ओरडला आणि गप्प झाला. प्रोजेक्टरसाठी लावलेल्या पडद्यांमुळे खोलीत गडद अंधार झाला.

अर्ज गेला की राहिला, कळायला काही मार्ग नव्हता. मला एवढंच ठाऊक होतं की पुढच्या रविवारी निर्मलाबाईंच्या बसला थांबायला कारण उरणार की नाही, ते त्या गोल फिरणाऱ्या चक्रीवर होतं.

आणि निर्मलाबाईंच्या पदराखाली मोबाइल वाजला.

त्यांनी तो बाहेर काढला. मेसेज आला होता. मोबाइलच्या उजेडात त्यांचे ओठ हलताना दिसत होते. एकेक शब्द, सावकाश. कोणी मोबाइल मागितला नाही. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची वळवली आणि तोच उजेड आमच्यावर धरला. सर, दिनकरभाऊ, गुड्डू, रवी, मी आणि साहेब, सगळे तसेच ओळीने उभे होतो, हात पाठीमागे बांधून.

त्या म्हणाल्या, "पोचला अर्ज. सोडा आता हात."