खिंडीतला पाला

दापोड्याला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोदामांचे निळे पत्रे दिसतात, आणि हवा बरी असली तर पत्र्यांच्या पलीकडे डोंगराची एक रेघ. पाहुण्यांना दाखवली तर ते म्हणतात, "कुठंय?" मला ती धुरातही दिसते. पोळ्या करताना नजर तिकडे जाते आणि तव्यावरची पोळी करपते. घरातले म्हणतात, हिचं लक्ष नसतं. लक्ष असतं, फक्त तव्यावर नसतं.

त्या डोंगराच्या अलीकडच्या पायथ्याला माझं माहेर आणि पलीकडच्या पायथ्याला मावशीचं गाव. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, एकाच डोंगराच्या दोन अंगांना दिलेल्या. गाडीने जायचं तर वज्रेश्वरीवरून लांबचा वळसा पडतो. पायी गेलं तर खिंड चढायची, उतरायची, की मावशीचं अंगण. माझ्या आईने तो वळसा कधी मानलाच नाही. "पाय हायत ना?" म्हणायची आणि पदर खोचायची.

आई घरात अखंड बोलायची. कोंबड्यांशी, चुलीशी, वडिलांशी, आणि यांच्यापैकी कुणी उत्तर दिलं नाही तर स्वतःशी. पण शेताचे बांध संपून सागाचं रान लागलं की तिचा आवाज बंद. ती पुढे, मी मागे. तिच्या भेगाळलेल्या टाचा बघत मी तो डोंगर शिकले. कुठे दगड हलतो, कुठे करवंदीची जाळी साडी धरते, कुठे थांबून मागे वळायचं म्हणजे आपलं घर काड्यापेटीएवढं दिसतं. चढाच्या मध्यावर एक सपाट खडक होता. तिथे ती कनवटीचा गुळाचा खडा काढायची आणि मोठा तुकडा मला द्यायची. तसा गूळ मी नंतर पुष्कळ दुकानांतून आणला. तो गोड असतो, एवढंच.

खिंडीत वाघोबाचा दगड आहे, शेंदूर फासलेला. वाटेने जाणाऱ्याने त्याच्यावर पाला ठेवायचा, म्हणजे आपण इथून गेलो हे वाघोबाला कळतं. रीत अशी, की ज्या अंगाने चढलात त्या अंगाचा पाला. आमच्या अंगाला साग आणि पळस, म्हणून आम्ही पळसाचं पान ठेवायचो. मावशीच्या अंगाला ओहोळ आहे, त्याच्या काठाला जांभळी. तिकडची माणसं जांभळीची डहाळी ठेवतात. वाघ कुणी पाहिला नव्हता, पण वाघोबाला कुणी टाळायचं नाही.

या दोघी बहिणींनी वाघोबाला पोस्टमन करून टाकलं होतं. भेट झाली नाही तरी सरपणाच्या निमित्ताने दोघी आपापल्या अंगाने खिंडीपर्यंत चढायच्या, दगडावर काय आहे ते बघायच्या, आपला पाला ठेवायच्या आणि मागे फिरायच्या. दोन्ही गावांत बाकीची माणसं एसटीला लागली होती, वाटेवर उरल्या होत्या याच दोघी. आई घरी येऊन मोळी टाकता टाकता सांगायची, "जांभळीचा पाला ताजा हाय. बरी हाय बाई." पुढे दोन्ही घरांत मोबाईल आले, तरी तिचं डोंगर चढणं थांबलं नाही. मी तिला चिडवलं, की आता वाघोबाला रिटायर कर. ती म्हणाली, "फोनवर बरी हाय असं कोनी पन बोलंल. डोंगर चरून आली तर खरी." चढूनला ती चरून म्हणायची.

शेवटचं वर्ष ती माझ्याकडे होती. गुडघे गेले होते. त्या खिडकीशी तिने खुर्ची टाकून घेतली आणि मी पोळ्या करताना आम्ही दोघी रेघेकडे बघायचो. मावशीचा फोन रोज यायचा. "बरी हाय का?" "बरी हाय, मला काय धाड भरलीय?" फोन ठेवून आई म्हणायची, "तिला न्हाय पटलं." मला वाटायचं, म्हातारीचा संशयी स्वभाव, दुसरं काय.

आई गेली. मावशी जीपमधून आली, रस्ताभर ओकत, कारण तिला गाडी लागते. त्यानंतर तिच्याकडे आम्हीच जायचो, नवऱ्याच्या गाडीतून, वज्रेश्वरीला वळसा घालून. एसी लावून, काचा वर करून. डोंगर उजवीकडून डावीकडे जायचा आणि मावशीचं दार यायचं. तिथे पोचूनही मला वाटत राहायचं की अजून जायचंच आहे.

मला फोटोतली आई नको होती. मला तिच्या मागून चालायचं होतं. ते होणार नव्हतं हे मला कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी मी बूट घातले. नवरा म्हणाला, "गाडी काढू?" कोन गावच्या हमरस्त्यावर वाढलेला माणूस, त्याला पाय म्हणजे क्लच दाबायची वस्तू. मी म्हटलं, नको. एसटीने फाट्यावर उतरले. माहेरच्या घराला कुलूप आहे, तिथे थांबले नाही. बांध जिथे संपायचे तिथे आता कुणाचा तरी प्लॉट आहे, तारेचं कुंपण, आत खुर्चीवर वॉचमन.

"मॅडम, आगे रास्ता नहीं है. ऊपर कुछ नहीं है."

"ऊपर नहीं, उस पार. उधर मेरी मावशी है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, मग उठून तार दोन हातांनी वर धरली. त्याचंही गाव कुठल्यातरी डोंगरापलीकडे असणार.

वाट बुजली होती. गवत कमरेएवढं, आणि करवंदीने दोन ठिकाणी दारच लावून घेतलेलं. मी चुकले, परत फिरले, पुन्हा चढले. पुढे टाचा नव्हत्या. सपाट खडक सापडला तेव्हा मी त्याच्यावर बसून मोकळेपणाने रडले. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी रडलेच असते. मग एका पळसाचं मोठं पान तोडलं आणि वर गेले.

खिंडीत वारा होता. खाली पलीकडे नदीचं वळण चमकत होतं. मला भीती होती की दगड उघडा असेल, गवतात बुडालेला. पण दगडावर पाला होता. सगळा जांभळीचा. तळाला सुकून चुरा झालेला, त्यावर करपलेला, आणि सगळ्यात वर हिरवीगार डहाळी, एकदोन दिवसांची. पळसाचं एकही पान नव्हतं. आमच्या अंगाला तर पाऊलही उमटलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी त्या अंगाने पुन्हा पुन्हा इथवर चढत होतं आणि इथूनच परत जात होतं. मी माझं पान त्या डहाळीवर ठेवलं आणि खाली उतरले.

मावशी अंगणात वाल निवडत होती. मला डोंगराकडून येताना पाहून तिचा हात सुपातच राहिला.

"पायी आलीस, बाय?"

"पायी. मावशे, वर जांभळीचा पाला तू ठेवतेस?"

"मग कोन ठेवंल?"

"आणि पलीकडे उतरत नाहीस?"

"कुनाकडं उतरू?" ती म्हणाली आणि पुन्हा वाल निवडायला लागली. थोड्या वेळाने सुपाकडेच बघत बोलली, "तुजी आय फोनवर रोज बरी हाय बोलायची. मी चरून बगायची तर पलस न्हाय. तवाच समजली मी. अजून जाते. सवय लागली पायांना."

मी सांगितलं की आज ठेवलाय. पळस, आमच्या अंगाचा.

मावशीने सूप खाली ठेवलं. चहाचं पाणी चुलीवर उकळत होतं, ते तिने उतरवलं. पदर खोचला, अगदी तसाच.

"अगं, मी सांगतेय ना, ठेवलाय म्हणून."

"तू सांगतंस. मला बगायचाय."

ती पुढे, मी मागे. मावशीच्या टाचाही भेगाळलेल्या आहेत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ओहोळाशी मी जांभळीची डहाळी मोडून घेतली, कारण आता मी मावशीच्या अंगाने चढत होते. खिंडीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दगडाजवळ वाकली, पळसाच्या पानावरून बोट फिरवलं, ते उचलून पाहिलं आणि परत होतं तिथे, होतं तसं ठेवलं. मग मी माझी डहाळी ठेवली आणि माझ्या अंगाला उतरायला लागले.

मावशीने वरून हाक मारली.

"बाय, पुनवेपर्यंत पलस सुकंल हा."