दुसऱ्या गोलपोस्टमागची खुर्ची

आमच्या घरात फुटबॉल कुणाच्या गावीही नव्हता. माझ्या माहेरी क्रिकेट, सासरी तेही नाही, नुसतं गणित. त्यामुळे सिंगापूरला आल्यावर चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकखाली जे सॉकर कोर्ट होतं तिथे लेक गोलमध्ये उभी राहायला लागली, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, फार पळापळ करावी लागणार नाही. खरं म्हणजे ती नवी होती आणि मुलगी होती, म्हणून पोरांनी तिला गोलमध्ये ढकललं होतं. पुढे तीच पोरं ती आपल्या बाजूला हवी म्हणून आपसात भांडायला लागली. डावीकडे झेप घेताना ती कोपरावर पडायची. ते कोपर कायम सोललेलं असायचं आणि मी कायम ओरडत असायचे.

सतरा वर्षांची होईपर्यंत ती शाळेच्या टीमची गोलकीपर झाली होती. अमेरिकेतली कॉलेजं खेळाडू शोधायला माणसं पाठवतात, आवडलेल्यांची फी माफ करून त्यांना घेऊन जातात, हे तिनेच मला समजावून सांगितलं. मी हसले होते. आपल्याकडे खेळ सोड म्हणजे मार्क मिळतील असं सांगतात आणि हे लोक खेळतेस म्हणून शिकवतो म्हणतात!

मग ते वर्ष आलं. सुमात्रातली जंगलं जळत होती आणि त्यांचा धूर उठून सिंगापूरवर येऊन बसला होता. सगळे त्याला नुसतं हेझ म्हणत. खिडक्या बंद, तोंडावर मास्क, आणि ज्याच्या त्याच्या फोनवर हवेचा आकडा. त्याच दिवसांत एका संध्याकाळी नवरा घरी आला, बूट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "आमचा अख्खा विभाग बंद करतायत." तो एका बँकेत आयटीत होता. त्याची नोकरी म्हणजे त्याचा तिथे राहण्याचा पास, आणि त्याच्या पासवर आम्ही दोघी. पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज आधीच दोनदा फेटाळला गेला होता. नोकरी गेली की पास जाणार, पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. त्याने दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात केली, पण त्या वर्षी त्याच्यासारखे शेकड्यांनी अर्ज टाकत होते.

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पुण्यात गर्ल्स टीम आहे का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आणि नेमकी तेव्हाच ती अमेरिकन बाई येणार असल्याचं कळलं. एका कॉलेजची कोच. बँकॉक, सिंगापूर, मग हाँगकाँग असा तिचा दौरा होता. लेकीने धाडलेला व्हिडिओ तिने पाहिला होता आणि उलट कळवलं होतं की प्रत्यक्ष पाहीन, मग ठरवीन. तिला पुढच्या वर्षासाठी गोलकीपर हवी होती. एकच. नाही म्हणायला अमेरिकेत दुसरी कॉलेजंही होती, पण पदरचे पैसे भरून तिकडे पाठवणं आता आमच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. म्हणजे आमच्या दृष्टीने जगात ती एकच बाई उरली होती.

पासिर रिसच्या एका मैदानावर शाळांच्या तीन मॅचेस व्हायच्या होत्या. शुक्रवारची हेझमुळे रद्द झाली. शनिवारी सकाळचीही झाली. उरली ती दुपारची, आणि रात्री बाईंचं विमान. शुक्रवारीच मी सेरंगून रोडला जाऊन देवळात नारळ ठेवून आले होते. शनिवारी सकाळी मात्र राहवेना. देव्हाऱ्यातले देव उचलले आणि स्टीलच्या पातेल्यात सरळ पाण्यात ठेवले. देव पाण्यात ठेवणं हे मी आयुष्यभर नुसतं बोलण्यात वापरलं होतं, कधी केलं नव्हतं. म्हटलं, मॅच होऊ दे आणि आपल्या पोरी जिंकू देत. नवरा दारात उभा राहून बघत होता. एरवी त्याने चेष्टा केली असती. त्या दिवशी म्हणाला, "पाणी थोडं जास्त घाल."

दुपारी जरा वारा सुटला, आकडा खाली आला आणि मॅच होणार असं कळलं. आम्ही दोघी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, या टोकाहून त्या टोकाला गेलो. नवऱ्याचा एका कंपनीत इंटरव्ह्यू होता, शनिवार असूनही, त्यामुळे तो नाही आला.

बाई उंच, टोपी घातलेली. बरोबर एक घडीची खुर्ची. ती खुर्ची तिने सरळ आमच्या गोलपोस्टमागे नेऊन मांडली आणि बसली. माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त समोरच्या टीमने बॉल मारायचा आणि माझ्या लेकीने अडवायचा!

बॉल येईचना.

आमची टीम त्या दिवशी अशी काही खेळायला लागली की विचारू नका. समोरची शाळा लहान, पोरी कच्च्या. बॉल सगळा वेळ त्यांच्याच बाजूला. आमच्या पोरी मारतायत, त्यांची गोलकीपर अडवतेय. ती एक ठेंगणी, जाडजूड वेणीची मुलगी होती. एक गोल झाला, दुसरा झाला, पण त्या दोन गोलांच्या मधे तिने काय काय अडवलं! पायाने, छातीने, एकदा तर चक्क तोंडाने. इकडे माझी लेक एकटी उभी. अधूनमधून ओरडून पुढच्या पोरींना सांगत होती, डावीकडे जा, मागे ये. बाकी काम नाही. ग्लोव्ह्ज काढून पुन्हा घालत होती.

थोड्या वेळाने बाई उठली. खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि मैदानाच्या कडेकडेने चालत पलीकडच्या गोलपोस्टमागे जाऊन बसली.

मला दुसरं काही सुचेना, तेव्हा आपल्या माणसांना जे सुचतं ते सुचलं. थर्मासमध्ये आल्याचा चहा होता, डब्यात नारळाच्या वड्या. घेतलं आणि गेले. पाहुणी बाई एवढ्या लांबून आलीय, धुरात बसलीय, तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी हसून म्हटलं, मी अमक्या नंबरच्या गोलकीपरची आई. तर ती झटकन उठून दोन पावलं मागे सरली. हात वर करून म्हणाली, "सॉरी मॅम, आज मला तुमच्याशी बोलता येत नाही." मी वडीचा डबा उघडा धरून तशीच उभी. मॅचच्या दिवशी खेळाडूंशी किंवा घरच्यांशी बोलायचं नाही असा त्यांच्याकडे कडक नियम असतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला इतकंच कळलं की माझ्या चहाला बाई नाही म्हणाली. म्हणजे माझ्या लेकीलाही नाहीच म्हणाली.

मध्यंतरात लेक पाणी प्यायला कुंपणापाशी आली. मी मराठीत बोलले, दुसऱ्या कुणाला कळायचं नव्हतंच.

"एक बॉल दे त्यांच्या पायात."

"काय?"

"चुकून दिल्यासारखा दे. ती लाल बूटवाली पुढे असते, तिच्याकडे जाऊ दे. ती मारेल. मग अडव. तुला येतं ते."

तिने बाटली खाली घेतली. "आई, असं कॅनॉट लाह."

"का कॅनॉट? गोल बसला तरी दोन-एक. तुमची टीम हरत नाहीये काही."

"माझ्या डिफेंडर्स आहेत पुढे. दे ट्रस्ट मी."

"या पोरी नाताळनंतर तुझं नावही काढणार नाहीत," मी म्हटलं. "आपण इथे नसू. कळतंय का तुला? ही बाई रात्री चाललीय!"

"आय नो, आई," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. तिला सगळं कळत होतं, माझ्याहून जास्त. बाटली माझ्या हातात देऊन ती गेली.

मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. लेक चालत चालत पलीकडच्या गोलपोस्टकडे निघाली, जिथे बाई बसली होती तिकडेच! मला रडू यायचं बाकी राहिलं. म्हटलं, पाण्यात ठेवलेल्या देवांना कळलं एकदाचं. आता हिला उठायचीही गरज नाही, माझी लेक आपल्या पायांनी तिच्यासमोर जातेय.

लेक गोलमध्ये जाऊन उभी राहिली. बाईने खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि आली त्याच वाटेने अख्खं मैदान ओलांडून वेणीवालीच्या मागे जाऊन बसली. माझ्यासमोरून गेली, पण वर पाहिलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते बघून शेजारची कोरियन आई सरकून बसली. मी समोरच्या टीमला ओरडून प्रोत्साहन द्यायला लागले. "रन! शूट! शूट ना गं!" मास्क गळ्यात, डोळे धुराने चुरचुरत होते. त्यांच्या लाल बूटवालीला मी इतक्या जीव तोडून हाका मारल्या की तिच्या सख्ख्या आईने मारल्या नसतील. आमचा तिसरा गोल झाला तेव्हा सगळे उड्या मारत होते आणि मी कपाळाला हात लावून बसले होते. पोरी जिंकू देत असं मीच मागितलं होतं. देवांनी अगदी मागितलं तसं दिलं होतं.

आणि मग एकदाची लाल बूटवाली सुटली. बॉल तिच्या पायात, समोर फक्त माझी लेक. लांब बसलेली बाईसुद्धा खुर्चीतून उठून बघायला लागली. मी तिला उठताना पाहिलं. लेक पुढे आली, गुडघ्यात वाकली, हात पसरले.

तेवढ्यात आमची डावीकडची डिफेंडर कुठूनशी धावत आली आणि घसरत जाऊन बॉल बाहेर काढला. दर शनिवारी आमच्याकडे येऊन चार-चार थालीपिठं खाणारी ती चिनी पोर. मी वाढलेल्या थालीपिठांचे तिने असे पांग फेडले. अप्रतिमच काढला बॉल, नाही कुठे म्हणतेय मी. लेकीने तिला हात देऊन उठवलं आणि पाठीवर थाप मारली. बाई परत खाली बसली होती.

पुढे थोड्याच वेळात शिट्टी झाली. हवेचा आकडा पुन्हा वर गेला होता आणि मॅच तिथेच थांबवण्यात आली. पोरींनी गळ्यात गळे घालून आनंद केला. बाईने खुर्ची गुंडाळली आणि टॅक्सीच्या दिशेने गेली.

परतताना आम्ही शेजारी बसलो होतो. पासिर रिस ते चोआ चू कांग म्हणजे बेटाची पार दोन टोकं. लेकीने ग्लोव्ह्ज मांडीवर ठेवले होते. ते कोरडे होते, स्वच्छ होते. ज्युरॉंग ईस्टला गाडी बदलली तेव्हा बाहेर धुरात ब्लॉक दिसत नव्हते, नुसते दिवे दिसत होते. मी काहीतरी बोलायला म्हणून वळले तर तिचा मास्क डोळ्यांच्या खाली ओला झालेला होता. इतर लोक फोनमध्ये होते. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो हळूच काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या कोचने सांगितलं की बाईंनी वेणीवालीला घेतलं.

मी ताडताड बोलले. की कमकुवत टीमची गोलकीपर असती तर हीच निवडली गेली असती, की चांगल्या टीममध्ये असण्याची ही शिक्षा, की एक बॉल सोडला असतास तर. नवरा म्हणाला, "पुरे आता." लेक जेवत होती. म्हणाली, "शी वॉज गुड, आई. ते फेस-सेव्ह बघितलंस ना तू?" आणि वरण मागितलं. मला तिचा इतका राग आला की मी वरणाचं पातेलं तिच्यासमोर आदळलं. तो राग अजून गेलेला नाही. सोडायला हवा होता तिने तो बॉल. मी आजही हेच म्हणते.

नवऱ्याच्या इंटरव्ह्यूचंही काही झालं नाही. वर्ष सरायच्या आत आम्ही पुण्यात होतो.

इथल्या कॉलेजात तिने भांडून मुलींची टीम उभी केली. दोघी कबड्डीतून आणलेल्या, एक नुसती धावायची, बाकीच्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही. पहिल्या मॅचला मी गेले. मुरमाचं मैदान, गवताची काडी नाही. आणि बॉल? नुसता पाऊस! डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून. माझी लेक झेप घेतेय, पडतेय, उठतेय, परत झेप घेतेय. कोपरातून रक्त येतंय. एक तर तिने असा काढला, पार वरच्या कोपऱ्यातला, की मी जागेवरून उभी राहिले आणि इकडेतिकडे पाहिलं. बघायला कुणी नव्हतं. दोन पोरं सायकलवर बसून फोन बघत होती.

कँटीनमधून मी एक प्लास्टिकची खुर्ची मागून आणली आणि तिच्या गोलपोस्टमागे नेऊन मांडली. मध्यंतर झालं, टीमनी बाजू बदलल्या. मी खुर्ची उचलली आणि मैदानाच्या कडेने तिच्यामागून निघाले. तिने वळून पाहिलं.

"आई, एका जागी बस ना, प्लीज."

मी ऐकलं नाही. पलीकडे पोचेपर्यंत मला चांगलीच धाप लागली होती.